प्याल्याची कड

मारोती डोंगरदिव्याची ती गोष्ट घरातल्या ज्या ज्या तोंडातून गेली, त्या त्या तोंडाने तिला थोडं थोडं खाऊ घातलं. नातवाच्या, धर्मपालच्या तोंडी येईपर्यंत ती चांगली बाळसेदार झाली होती. साल एकोणीसशे एकतीस. रायपूरची मराठी ख्रिस्ती मंडळी तेव्हा जेमतेम चाळीस माणसांची. भोसल्यांच्या अमलापासून इथे राहिलेल्या घराण्यातले, नव्याने ख्रिस्ती झालेले गंगाधरपंत पहिल्या ओळीत, आणि महारवाड्यातून आलेला, रेल्वेत रूळ बदलणारा, सिग्नल दाखवणारा पॉइंट्समन मारोती शेवटच्या ओळीत. प्रभुभोजनाच्या वेळी, भाकरीनंतर द्राक्षरसाचा प्याला ओळीतून फिरताना, पंत म्हणाले, यांच्या तोंडचा प्याला आमच्याकडे येणार असेल तर पुसून आला पाहिजे. त्यावर मारोती उठला, गोऱ्या मिशनरी साहेबाच्या हातून प्याला हिसकला, बुडापर्यंत रिता केला आणि म्हणाला, "आता पुसा, का पुसता ते!"

धर्मपालच्या सांगण्यात इथे देवळाची घंटा आपोआप वाजे. त्याच्या धाकट्या काकाच्या सांगण्यात साहेबाला घेरी येई. आणखी एका सांगण्यात बाहेर रुळावर चाललेली मालगाडी मान राखायला थांबे. सिग्नल नसेल मिळाला म्हणून थांबली असेल, असं कोणी म्हटलं तर उत्तर तयार होतं: सिग्नल देणारा मारोतीच, आणि तो तर आत प्याला पीत होता!

ते काही असो. तेव्हापासून या मंडळीत प्याल्याला कापड लागलं नाही. दुसरीकडे प्याला पुसून पुढे देतात, कुठे छोटे छोटे पेले असतात, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. इथे मात्र एकच प्याला, बाहेरून पितळेचा, आतून मुलाम्याचा, आणि आदल्याच्या ओठांमागून पुढच्याचे ओठ. तो ओळीतून फिरवायचा मान डोंगरदिव्यांकडे. मारोतीनंतर त्याच्या मुलाकडे, आणि आता एकवीस वर्षं धर्मपालकडे. कोरोनानंतर प्याला कपाटातून पुन्हा निघाला तेव्हा धर्मपालनेच पंचांच्या बैठकीत टेबलावर हात आपटला होता, "प्याला एकच राहीन, अन् पुसल्या जाणार नाही. माह्या आजोबाची आन आहे."

आणि याच धर्मपालने जानेवारीच्या पहिल्या रविवारी, भर उपासनेत, खिशातून रुमाल काढून प्याल्याची कड पुसली.

पुसली ती चिसोमो बांदाच्या ओठांनंतर. चिसोमो मलावी देशाची. बत्तीस वर्षांची, तिकडे शाळेत मास्तरीण, सात वर्षांची मुलगी आईपाशी ठेवून भाताच्या वाणांवर एम.एस्सी. करायला रायपूरला आलेली. धर्मपालची मुलगी पिंकी हिने चार महिन्यांपूर्वी तिला गायकवृंदात आणलं होतं. शब्द कळत नसताना ती मराठी गीतं अशी गायची की जुन्या बायका आपलं गाणं थांबवून ऐकत राहायच्या. तिच्या गावच्या मंडळीचं पत्र आल्याशिवाय प्रभुभोजन घ्यायचं नाही, म्हणून इतके महिने ती मागच्या बाकावर बसून राहिली. पत्र आलं, आणि आज ती पहिल्यांदा पुढे येऊन गुडघे टेकून बसली. दोन्ही हातांनी प्याला धरला, एक घोट घेतला, परत दिला. तिच्या शेजारी धर्मपालची बायको भावना होती. भावनापर्यंत प्याल्याआधी रुमाल पोचला.

पुढच्या अकरा माणसांना प्याला न पुसताच गेला. खरं वाईट तिथे झालं. सगळ्यांनंतर पुसला असता तर लोक म्हणाले असते, धर्मपालचं डोकं फिरलं. एकदाच पुसला, म्हणून सगळ्यांना सगळं कळलं. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे पास्टर, तरुण, वर्षभरापूर्वीच आलेले. ते भाकरीच्या ताटाकडे असे बघत राहिले, जसं काही ताटाने त्यांना हाक मारली होती.

*

डोंगरदिव्यांच्या भनपुरीतल्या घरी दुपारी मटण शिजत होतं, आणि भावना बाथरूमच्या दाराशी उभी होती.

चार वाजता सासूबाईंच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाची उपकारस्तुतीची सभा होती. खुर्च्या आल्या होत्या, चिवडा बांधून तयार होता. भावना कपडे भिजवायला गेली, तर कोपऱ्यात आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात डेटॉलचं पांढरं पाणी, आणि त्यात तो रुमाल. घराचे सगळे कपडे बादलीत. रुमाल एकटा, वेगळा.

सकाळी त्या रुमालाला तिनेच इस्त्री केली होती. त्या पुसलेल्या कडेवरून तीच प्यायली होती. आणि प्यायच्या आधी, एक क्षणभर, तिला बरं वाटलं होतं. ते 'बरं वाटलं' आता घशात अडकून बसलं होतं. मटणाला फोडणी घातली, तरी जाईना.

ती डबा उचलून बाहेर घेऊन आली आणि ओसरीवर सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

शारदाबाई, म्हणजे धर्मपालची आई, वेताच्या खुर्चीत बसून होत्या. नवं लुगडं मांडीवर घडी न मोडता पडलं होतं.

"आई, नेसून घ्या ना," भावना म्हणाली. "लोक येतीन."

"येऊ दे. चहा पाजून परत पाठव. मी उपकारस्तुती करत नाही."

धर्मपाल वर्तमानपत्रामागे होता. तो तिथूनच म्हणाला, "आई, एवढ्याशा गोष्टीले तू..."

"एवढीशी आहे तं वर्तमानपत्र खाली ठेव, अन् माह्याकडं पाहून बोल."

धर्मपालने वर्तमानपत्र खाली ठेवलं. पाहिलं मात्र बहिणीकडे.

बहीण कमला समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती. भावाची बाजू घ्यायची तिला लहानपणापासून सवय. शाळेत त्याने दगड मारला तरी 'दगड आपोआप गेला' अशी साक्ष तीच द्यायची. आताही ती उभी राहिली.

"आई, जमाना बदलला. हायजीन म्हणून काही असते की नाही? बाहेरच्या देशातलं माणूस आहे, कोणतं इन्फेक्शन कसं येईन, सांगता येत नाही. भैयानं सावधगिरी केली. यात एवढं काहून तोंड पाडून बसायचं?"

"हेच म्हणून राहिलो मी," धर्मपाल म्हणाला. "थे खोकत होती."

"खोटं," भावना म्हणाली.

आयुष्यात तिने नवऱ्याला चारचौघांत खोटं म्हटलं नव्हतं. ओसरीवर अशी शांतता झाली की आतल्या कुकरने शिट्टी द्यायचं थांबवलं असतं तर नवल नव्हतं.

"माह्या बाजूला बसून होती थे," भावना म्हणाली. "खोकली नाही. शिंकली नाही. श्वाससुद्धा हळू घेऊन राहिली होती बिचारी."

कमलाने भावाकडे पाहिलं. सिस्टरला पेशंट खोटं बोलतो तेव्हा कळतं. पेशंट आधी औषधाबद्दल खोटं बोलतो, मग पथ्याबद्दल, आणि शेवटी दुखतं कुठे त्याबद्दल. तिने दवाखान्यात विचारायची तसाच, आवाजात चढउतार न आणता प्रश्न विचारला.

"भैया, याच्या आधी कधी पुसला होता?"

"कधी नाही."

"यज्ञेश्वरमामाले टीबी होता. मीच गोळ्या द्यायची. फडक्यात खोकायचे अन् तसेच देवळात यायचे. दोन वर्षं तुह्याच हातून प्याले. तेव्हा पुसला?"

"थे वेगळं होतं."

"वेगळं का होतं?"

"थे आपले होते!"

शब्द बाहेर पडले आणि धर्मपालच्या लक्षात आलं. पण शब्द असा परत खिशात घालता येत नाही. कमला हळूच खाली बसली. भावाच्या बाजूने द्यायची साक्ष तिच्यापाशी उरली नव्हती.

*

पिंकी जिन्याच्या पायरीवर बसून मोबाइल बघत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत निघायचं. सव्वीस वर्षांची. दोन स्थळं येऊन परत गेली होती, एक नागपूरचं, एक बिलासपूरचं. दोघांनी पत्रिका मागितली नाही, हुंडा मागितला नाही, फक्त म्हणाले, मुलगी थोडी उजळ असती तर. दोन्ही वेळा पप्पाने रात्रीचं जेवण सोडलं होतं. दुसऱ्या वेळी ते बाजारातून गोरेपणाची क्रीम घेऊन आले होते आणि काही न बोलता तिच्या टेबलावर ठेवून गेले होते. तिला त्यांचा राग आला होता आणि रडूही आलं होतं, दोन्ही एकदमच.

"पप्पा," ती म्हणाली, "एक बात पूछूँ?"

"आता तू नको."

"जिनके घर से दो बार मना हुआ, वो लोग भी अपनी ही मंडळी के थे ना? आपले होते ना?"

धर्मपाल वर्तमानपत्राची घडी घालू लागला.

"मैं भी काली हूँ, पप्पा. मेरे बाद प्याला पोंछोगे?"

"तू माही पोट्टी आहेस!"

"वो भी किसी की है." पिंकी उठली. "चिसोमो दीदी का मेसेज आया है. चार बजे आएगी. सभा के लिए नहीं. गीतों की किताब लौटाने. और पाळकसाहेब से बोला है, मेरी मंडळी की चिट्ठी वापस दे दो."

आता ओसरीवर कोणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. चिठ्ठी परत मागणं म्हणजे या मंडळीतून उठून जाणं. मारोतीच्या काळापासून लोक भांडून गेले, बदली होऊन गेले, मरून गेले. हाकलल्यासारखं कोणी गेलं नव्हतं. निदान गोष्टीत तरी नव्हतं.

"माह्या आजोबानं ज्या मंडळीत..." धर्मपाल बोलू लागला. त्याला स्वतःलाच ते पुढे नेता आलं नाही.

"धर्मा," शारदाबाई म्हणाल्या, "मागच्या अंगणात चाल. हात दे मले."

*

मागच्या अंगणात ऊन होतं. पलीकडे ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ट्रकांची धूळ. शारदाबाई बाजेवर टेकल्या. धर्मपाल उभा राहिला. बासष्ट वर्षांचा, रेल्वेच्या डबे दुरुस्त करायच्या वॅगनशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, आईसमोर शाळेतल्या मुलासारखा.

"आई, खरं सांगू? मले माहीत नाही काहून केलं. ओठ दिसले, अन् हात खिशात गेला. मी विचार करून केलं नाही."

"विचार करून केलं असतं तं बरं होतं. विचार बदलता येते." त्या थांबल्या. "मारोतीआबाची गोष्ट कोणी सांगितली तुले?"

"तूच सांगितली. आबानं बी सांगितली."

"खोटी आहे."

धर्मपाल हसला, उगीच. "घंटा वाजली थे खोटं असन. मालगाडी..."

"मालगाडी जाऊ दे. प्याला बी हिसकला नाही त्यानं. मी लग्न होऊन आली तेव्हा माही सासू, तुही आजी गोदूबाई, जिती होती. तिनं सांगितलं मले, चुलीपाशी बसून. आबा गेल्यावरच सांगितलं, त्याच्यासमोर नाही. पंतानं प्याला पुसला थो आबाच्या तोंडचा नव्हता. गोदूबाईच्या तोंडचा होता. बायकांची ओळ संपली अन् पंताची आली. पंतानं उपरण्यानं कड पुसली. सगळ्या मंडळीसमोर."

"अन् आबा?"

"आबा खिडकीपाशी बसून होता. खाली मान घालून. घरी आल्यावर बी बोलला नाही. सात महिने बोलला नाही त्याच्याबद्दल."

दूर एका ट्रकने मागे येताना भोंगा वाजवला. धर्मपालने बाजेचा पाया धरला आणि जमिनीवरच बसला.

"मंग पुसणं बंद कोणी केलं?"

"पंतानं."

"पंतानं?"

"सात महिन्यांनी थो रेल्वेच्या क्वार्टरपाशी आला. भर उन्हात. गोदूबाई तांदूळ निवडून राहिली होती. दारात उभं राहून म्हणाला, गोदूबाई, मी तुमच्या तोंडचा प्याला पुसला. तुम्ही काही केलं नव्हतं. मला किळस आली म्हणून पुसला. तेव्हापासून घोट गळ्याखाली उतरत नाही. तिनं त्याले आत बोलावलं नाही. पाणी विचारलं नाही. म्हणाली, मले दारात काहून सांगता, पुसला तं देवळात. अन् दार लावून घेतलं."

"मंग?"

"मंग त्यानं देवळात सांगितलं. उभं राहून. अन् म्हणाला, आजपासून या प्याल्याले कापड लागणार नाही, अन् माह्या हाताले प्याला शोभत नाही, थो मारोतीच्या हाती द्या. तोवर प्याला थोच फिरवायचा. मान असा आला आपल्या घरात, पोट्ट्या. आबाच्या हिमतीनं नाही आला. पंताच्या शरमेनं आला."

"मंग आबानं असं काहून...?"

"बायकोचा अपमान गप बसून पाहिला, तं माणसाले झोप येत नाही. मंग थो गोष्ट बनवते. त्याचा राग नाही मले. मी बी तीच सांगत आली तुमाले. तुमाले गावात मान वर करून चालायचं होतं, त्याच्यासाठी मोठा आजोबा पाहिजे होता." शारदाबाईंनी मांडीवरचं लुगडं सारखं केलं. "पण आपण थो मान असा जपला, असा जपला, की आपणच पंत झालो. मले आज सकाळी दिसलं. तुह्या हातात उपरणं दिसलं मले."

धर्मपालने डोळे पुसले नाहीत. पुसायला रुमाल नव्हता.

"प्रभूनं शेवटच्या जेवणात आपल्या हातानं प्याला दिला," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्याले वैऱ्याच्या हाती धरून देणारा शिष्य बी त्याच ओळीत बसून होता. त्याले माहीत होतं कोण आहे थो. त्याच्यानंतर बी कड पुसली नाही त्यानं. तुले का माहीत होतं त्या पोरीबद्दल? काहीच नाही. तरी पुसली."

धर्मपाल उठून म्हणाला, "तिच्या खोलीवर जाऊन माफी मागतो. आत्ताच जातो. चार वाजायच्या आधी."

"एकटा?"

"हव."

"पुसली तेव्हा एकटा होता?"

*

चार वाजता माणसं जमली. शेजारचे दोन, देवळातली दहा-बारा, नातेवाईक. सकाळचं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे चिवड्याबद्दल बोलत होते. पाळकसाहेब आले, खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पाकीट होतं आणि ते सारखे त्यावर हात ठेवत होते, जसं काही ते उडून जाईल. शारदाबाई जुन्याच लुगड्यात येऊन बसल्या. काहीजणींच्या ते लक्षात आलं.

पिंकीच्या स्कूटरवरून चिसोमो उतरली. सकाळचाच निळा झगा, डोक्याला रुमाल, हातात गीतांचं पुस्तक, त्याला तिने स्वतः कव्हर घातलेलं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"अंदर आओ ना, दीदी," पिंकी म्हणाली.

"नहीं. यहाँ ठीक है." तिचं हिंदी तुटक होतं, पण उच्चार एकेक करून नीट ठेवलेला. "पास्टर, किताब. और मेरा लेटर."

पाळकसाहेब अर्धे उठले.

"थांबा जरा," शारदाबाई म्हणाल्या. "बेटी, थोडा रुको. पाँच मिनट. फिर जाना है तो जाना, कोई नहीं रोकेगा."

चिसोमोने त्यांच्याकडे पाहिलं. या बाईने चार महिने दर रविवारी तिच्या हातात गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू ठेवला होता, भाषेवाचून. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

डोंगरदिव्यांच्या घरची रीत अशी: उपकारस्तुतीत आधी थोरला मुलगा उठतो आणि एका उपकाराबद्दल देवाचे आभार मानतो. मग बाकीचे, वयाप्रमाणे. धर्मपालला यात कधी अडचण आली नव्हती. त्याचे आभार लांबत, लोकांना उठून चहा घ्यावासा वाटेपर्यंत.

आज तो उठला आणि नुसता उभा राहिला. समोर भाऊबंद, शेजारी, ज्यांच्यासमोर एकवीस वर्षं प्याला धरला ते सगळे ओठ.

"सकाळी देवळात," तो म्हणाला, "जर कोणाचं मन दुखलं असेल तर..."

"भैया," कमला खालच्या आवाजात म्हणाली. "जर नको."

मग तो सगळ्यांकडे पाठ करून दाराकडे वळला आणि हिंदीत बोलू लागला, त्याच्या वॅगनशॉपच्या हिंदीत, कारण ज्याला सांगायचं त्याला कळलं पाहिजे.

"मैंने प्याला पोंछा. आपके बाद. सिर्फ आपके बाद. घर आके बोला, वो खाँस रही थी. झूठ बोला. आप नहीं खाँसीं." तो थांबला. पुढचा शब्द जड होता, पण उचलल्याशिवाय पुढे जायला वाट नव्हती. "मुझे घिन आई. आपके रंग से. आपने कुछ नहीं किया था. रुमाल भी घर लाके अलग भिगोया. डेटॉल में. वो डब्बा वहाँ रखा है."

सगळ्यांनी ओसरीवरच्या त्या डब्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

भावना उठली. तिची पाळी नव्हती. "मी त्याच कडेवरून प्याली," ती म्हणाली, मराठीत, आणि मग चिसोमोसाठी पुन्हा, "मैंने पिया. पोंछा हुआ मुझे अच्छा लगा. मैं भी हूँ इसमें."

पाळकसाहेबांना आता खुर्चीच्या टोकावर बसवेना. "आणि मी पाहिलं," ते म्हणाले, "आणि ताटाकडे बघत राहिलो."

धर्मपाल म्हणाला, "मैं माफी माँगता हूँ. सबके सामने. प्याला अब मैं नहीं पकडूँगा."

सगळे दाराकडे बघत राहिले, आणि चिसोमोला कळलं की ही सगळी माणसं आता तिच्याकडून एक गोष्ट मागताहेत. तिने ती मान हलवून द्यावी म्हणजे चहा येईल.

"मेरी माँ," ती म्हणाली, "ब्लँटायर शहर में एक घर में काम करती थी. इंडियन फॅमिली. अच्छे लोग. मेरी स्कूल की फीस दी उन्होंने. लेकिन माँ की चाय का मग बाहर था, नल के पास, कील पर. टिन का. बाईस साल वही मग. मैं छोटी थी, पूछा, अंदर इतने कप हैं, तुम्हारा बाहर क्यों? माँ बोली, चुप, चाय मीठी है." ती धर्मपालकडे वळली. "सुबह आपने रुमाल निकाला तो मैंने पहचान लिया. इतनी दूर से आई मैं. मैंने सोचा था चर्च में वो कील नहीं होगी."

धर्मपालची मान खाली गेली.

"आप सच बोले. मैंने सुना. अच्छा किया." प्रत्येक शब्द तिने तसाच, एकेक करून ठेवला. "माफी आज मेरे पास नहीं है. मैं झूठ नहीं बोलूँगी कि है. आएगी तो दूँगी."

पाळकसाहेबांनी पाकीट पुढे केलं. चिसोमोने पाकिटाकडे पाहिलं, पाळकांकडे पाहिलं, आणि पिंकीकडे पाहिलं. पिंकी आवाज न करता रडत होती.

"अभी आप रखिए," ती म्हणाली. "अगले महीने का मुझे नहीं पता. आज रखिए."

शारदाबाईंनी बाजूच्या खुर्चीवरचा चिवड्याचा डबा उचलून खाली ठेवला. "बेटी, बैठ. मेरे बाजू में. तेरी बारी है अब."

"दादी, मेरे पास आज आभार भी नहीं है."

"तो जो है वो बोल. जिस भाषा में है उसमें बोल. हमसे मत बोल, उससे बोल."

चिसोमोने उंबरा ओलांडला. चपला काढल्या, इथल्या रीतीप्रमाणे, आणि शारदाबाईंच्या शेजारी बसली. डोळे मिटले. मग ती आपल्या भाषेत बोलू लागली.

तिचं हिंदी तुटक होतं. हे तुटक नव्हतं. कुठे आवाज चढला, कुठे इतका खाली गेला की पंख्याचा आवाज मोठा वाटला. एकदा तिने मांडीवर मूठ आपटली. एकदा बहुतेक मुलीचं नाव घेतलं, कारण तिथे ती थांबली. ती भांडत होती का, रडत होती का, कोणाला सांगता आलं नसतं. आणि त्या सगळ्यात दोनदा, अगदी स्पष्ट, एक शब्द आला: धर्मापाला. पहिल्यांदा ऐकल्यावर कमलाने डोळे उघडले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर भावनाने नवऱ्याकडे पाहिलं. तो उभाच होता. त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

चिसोमो थांबली. डोळे मिटलेलेच.

आता सगळ्यांनी आमेन म्हणायचं होतं. पण कशाला म्हणायचं? तिने देवाकडे काय मागितलं, कोणासाठी, कोणाविरुद्ध? घराला शाप दिला असेल तर? माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"का म्हणाली थे?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"ज्याले सांगितलं त्याले कळलं," शारदाबाई म्हणाल्या. "तुले काहून पाहिजे?"

धर्मपालने हात जोडले. ज्या प्रार्थनेत आपलं नाव दोनदा येऊन गेलं आणि आपल्याला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही, त्या प्रार्थनेला तो सगळ्यांच्या आधी, घसा खाकरून, मोठ्याने म्हणाला, "आमेन."